दसऱ्याच्या पहाटे न निघालेली यादी

ही हकिगत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विषय निघायची चिन्हं दिसली की उठून पाणी प्यायला जायचो. घरीसुद्धा ती अर्धीच माहीत होती. आता एकदा चारचौघांत सांगून झाली आहे, म्हणून लिहायला बसलो तर छातीवर दडपण नाही. खरं तर बरं वाटतंय. या वयात रात्रीची झोप लागणं ही काही लहान गोष्ट नाही.

ठाण्यात एका डॉक्टरांची रक्त-लघवी तपासणीची लॅब होती. अजूनही आहे, आता त्यांची मुलगी चालवते. मी तिथे संगणक विभागाचा प्रमुख होतो. प्रमुख म्हणजे काय, विभागात माणसं दोनच. मी आणि माझ्या हाताखाली एक मुलगी, इंजिनीअर होऊन दोन-तीन वर्षं झालेली. मी डोंबिवलीहून यायचो, ती कल्याणहून. नमुने गोळा करणारी आमची केंद्रं दिवा स्टेशनपासून खडवलीपर्यंत पसरलेली होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या नळ्या ठाण्याला पोचत, तपासण्या होत आणि निकाल आमच्या सर्व्हरमध्ये जमा होत.

हा सर्व्हर काचेच्या एका खोलीत, एसीच्या गारठ्यात असायचा. झाडलोट करणाऱ्या मावशी त्या खोलीबाहेर चपला काढायच्या. "एवढा गार देव मी कुठे बघितला नाही," म्हणायच्या.

लॅब उघडायच्या आधी, पहाटे, हा देव तीन कामं आपली आपण करत असे. आदल्या दिवसाचे रिपोर्ट केंद्रांना पाठवायचे, हे पहिलं. सगळ्या माहितीची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर काढून ठेवायची, हे दुसरं. तिसरं काम दिसायला लहान होतं. ज्यांचे निकाल धोक्याच्या पातळीवर आहेत अशा रुग्णांची नावं आणि फोन नंबर खालच्या मजल्यावरच्या प्रिंटरवर छापायचे. सकाळी फोनवर बसणाऱ्या ताई तो कागद घेत आणि एकेकाला फोन करत: "आजच्या आज तुमच्या डॉक्टरांना भेटा." आम्ही त्याला तातडीची यादी म्हणायचो. ती यादी काढायचा प्रोग्रॅम त्या मुलीने लिहिला होता.

यंत्राला अशी रोजची कामं लावून देणं अवघड नसतं. एका फाइलमध्ये प्रत्येक कामाची एक ओळ लिहायची. ओळीत पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. ज्या रकान्यात चांदणीची खूण टाकाल तिथे 'प्रत्येक' असा अर्थ. पुढे काय करायचं ते लिहायचं की झालं. मग माणूस घरी झोपलेला असला तरी काम होतं. त्यात एकच मेख होती. नेमून दिलेल्या वेळी यंत्र बंद असेल, तर ते काम राहून जातं. नंतर यंत्र सुरू केलं तरी त्याला मागचं काही आठवत नाही. गेलेली एसटी स्टँडवर परत येत नाही, तसंच. उद्याची वाट बघायची.

आणि मी वर्षातून एक रात्र ते यंत्र बंद ठेवत असे.

माझे वडील डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर होते. खंडेनवमीला ते लेथ रॉकेलने पुसून लख्ख करायचे, त्यावर हळदकुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायचे आणि मेन स्विच पाडायचे. दसऱ्याची आरती होईपर्यंत कोणी बटणाला हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्याला एक रात्र झोप द्यावी, एवढंच त्यांचं म्हणणं. ते गेले त्या वर्षीपासून मी लॅबमध्ये ही पूजा सुरू केली. नवमीच्या संध्याकाळी सर्व्हर नीट बंद करायचा, पूजा मांडायची. दसऱ्याला सकाळी आरती करून सुरू करायचा आणि पहाटेची राहिलेली तिन्ही कामं एकामागून एक हाताने चालवायची. डॉक्टरांना हे आवडायचं. पेढे तेच आणायचे.

त्या मुलीला हे पटत नव्हतं.

"सर, पूजा करा ना, पण चालू ठेवून करा. त्याला काय कळतंय?"

"त्याला नाही कळत. मला कळतं."

"मग निदान, सुरू झाल्यावर राहिलेलं काम ते स्वतःहून उचलेल असं काहीतरी लिहू दे मला."

"वर्षातून एकदा तर प्रश्न येतो. मी आहे ना हाताने चालवायला."

"आणि सर, दुसरं म्हणजे, तातडीचं कोणी नसतं तेव्हा कागदच निघत नाही. यादी बिघडली तरीही कागद निघत नाही. खाली ताईंना फरक कसा कळणार? 'आज कोणी नाही' एवढं तरी छापू या."

"रोज कोरा कागद छापायचा? डॉक्टर आधीच कागदाच्या खर्चावरून ओरडतायत."

"कोरा कुठे सर? त्यावर लिहिलेलं असेल ना…"

"अगं, तू सासूला असंच छळणार आहेस बघ."

ती हसली. मीही हसलो. विषय तिथे संपला. मोठ्या माणसाने विनोद केला की लहानाला हसावंच लागतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही.

त्या वर्षी तिने दसऱ्याची रजा मागितली. त्यांच्या घरी घट उठायचे होते, गावाहून मंडळी येणार होती. मी म्हटलं, "खुशाल घे. मी येतोच आहे. सगळं मी बघतो." नवमीच्या संध्याकाळी पूजा झाली, सर्व्हर बंद झाला, ती पर्स घेऊन निघाली आणि दारातून परत वळली.

"सर, तिन्ही हं. पहिली दोन तुम्ही विसरणार नाही, मला माहीत आहे. तिसऱ्याकडे लक्ष ठेवा."

"तुझं लाडकं ना ते. ठेवतो."

दसऱ्याला सकाळी मी गेलो. आरती केली, मावशींना पेढा दिला, यंत्र सुरू केलं. रिपोर्ट पाठवले. मग प्रत काढायला लावली. त्या कामाला नेहमीच वेळ लागायचा. त्या दिवशी आम्ही आमच्या मुलीसाठी स्कूटर घेणार होतो. दसऱ्याला डोंबिवलीतल्या शोरूमबाहेर काय गर्दी असते ते डोंबिवलीकरांना सांगायला नको. प्रत निघत होती तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, कुठे आहात? मुहूर्त टळतोय."

"येतोय, येतोय. पाच मिनिटं."

"ते शोरूमवाले आहेत, भटजी नव्हेत. आपल्यासाठी थांबणार नाहीत. आपल्या मागे रांग लागलीय."

प्रत पूर्ण झाल्याचा संदेश दिसला. मी काचेचं दार ओढलं आणि निघालो. तिसरं काम मी चालवलं नाही. ते डोक्यातून पूर्ण गेलं. दुपारी स्कूटरला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, फोटो काढला. त्या फोटोत मी मनापासून हसतो आहे.

खाली फोनवरच्या ताईंनी प्रिंटर पाहिला. कागद नव्हता. सणासुदीचं कोणी गंभीर नाही, देव पावला, असं म्हणून त्याही लवकर घरी गेल्या.

यादी निघाली असती तर तिच्यावर एकच नाव असतं. खडवलीजवळच्या गावातले एक निवृत्त शिक्षक. मूत्रपिंडाचा जुना आजार, आणि रक्तातलं पोटॅशियम नको तितकं चढलेलं. अशा माणसाचं हृदय केव्हाही दगा देऊ शकतं. संध्याकाळी ते अंगणात कोसळले. घरच्यांनी त्यांना कल्याणच्या इस्पितळात नेलं. ते वाचले, हे आधीच सांगतो. पण ते आम्हाला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं ते इतकंच, की त्यांचा मुलगा आमच्या रिसेप्शनला उभा आहे आणि टेबलावर हात आपटतो आहे.

"निकाल परवा संध्याकाळीच आला होता ना तुमच्याकडे? मग एक फोन करायला काय झालं होतं तुम्हाला? दसरा होता म्हणून?"

डॉक्टरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ती नुकतीच आली होती. घरचा सण उरकून आलेली, हातावर मेंदी. काय झालं हे तिला जिन्यातच कळलं होतं.

"तातडीची यादी कोणाकडे असते?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हटलं, "हिच्याकडे असते."

हे खरं होतं. रोज तिच्याकडेच असायची.

"काल तू कुठे होतीस?"

"रजेवर होते, सर."

"कोणाला विचारून?"

"सरांना विचारून." एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं. पुढचं मी सांगेन असं तिने गृहीत धरलं होतं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हतीच. ती फक्त वाट बघत होती.

डॉक्टरांनीही माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"रजा मी दिली होती," मी म्हटलं. "पण यादीची व्यवस्था लावून जायला हवं होतं."

आता खोटं म्हणतात ते हेच.  ती खरं बोलली असती तरी विभागप्रमुखाच्या शब्दापुढे दोन वर्षांच्या नोकरीचा शब्द किती टिकला असता, हे तिने त्या क्षणी ओळखलं असावं. डॉक्टर पुष्कळ बोलले. माणूस गेला असता, असं तीनतीनदा म्हणाले. तिने मान खाली घातली आणि सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मी तिला म्हणणार होतो की थोडं शांत होऊ दे, मी डॉक्टरांशी बोलतो. पण ती माझ्याशी न बोलता जागेवर जाऊन बसली. त्याच आठवड्यात तिने राजीनामा दिला. पुढे ठाण्यातल्या एका इस्पितळात तिची निवड जवळजवळ झाली होती, पण तिथून चौकशीचा फोन आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण निष्काळजी." मी त्याच केबिनमध्ये एका कागदावर सही घ्यायला उभा होतो. ती नोकरी तिला मिळाली नाही.

पुढच्या वर्षी मी पूजा यंत्र चालू ठेवून केली. यंत्र बंद राहिलंच तर सुरू होताच राहिलेलं काम आधी उरकेल, अशी सोय केली. रोज 'आज कोणी नाही' असा कागदही छापायला लावला. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "एका चुकीतून यांनी किती शिकून घेतलं बघा." टाळ्या झाल्या. मी त्या घेतल्या.

मधे एकदा मी खडवलीला जाऊन आलो. लॅबच्या वतीने विचारपूस, असं स्वतःला सांगून गेलो. मास्तर पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसले होते. तब्येत चांगली दिसत होती. ते पाहून मला इतकं हायसं वाटलं की मीही खाली बसून शेंगा सोलायला लागलो.

"अहो, राहू द्या. तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात?" ते म्हणाले. "ती तुमच्या लॅबमधली मुलगी येऊन गेली ना मागेच. रडत होती बिचारी. माफी मागितली तिने. मी म्हटलं, बाळ, होतं असं, मीही पोरांच्या वह्या हरवल्यात."

मी म्हटलं, "हो, ती चांगली आहे." आणि चहा न घेता उठलो. तिथेच सांगता आलं असतं. मास्तरांनी मलाही बाळ म्हटलं असतं कदाचित.

वर्षं गेली. मी निवृत्त झालो. लॅबमध्ये मात्र या गोष्टीची एक दंतकथा झाली होती. नवीन मुलं कामावर आली की त्यांना सांगायचे: इथे एक मुलगी होती, सणाच्या नादात यादी विसरली, एक माणूस मरता मरता वाचला. लक्षात ठेवा. तिचं नाव कोणाला आठवत नसे, पण यादी विसरलेली मुलगी सगळ्यांना माहीत. मी असतानाही ही गोष्ट सांगितली जायची, आणि मी तेव्हा पाणी प्यायला जायचो.

या वर्षी लॅबच्या वर्धापनदिनाला जुन्या माणसांना बोलावलं होतं. ठाण्यातलाच एक हॉल. सर्व्हर आता इमारतीत नाही, कुठेतरी भाड्याच्या जागेत असतो म्हणे. पण पहाटेची कामं अजून चालतात. डॉक्टरांच्या मुलीने नव्या लोकांसमोर बोलताना तीच गोष्ट काढली. बाकीचे हसले. मग तिने माझ्याकडे हात केला: "तेव्हा सरांनी सगळं सावरलं."

मी उठलो. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो. माइक घ्यायला गेलो नाही, कारण तिथपर्यंत चालत गेलो असतो तर बेत बदलला असता.

"ती मुलगी विसरली नव्हती," मी म्हटलं. "मी विसरलो. यंत्र मी बंद केलं होतं, तिला रजा मी दिली होती, आणि सगळं मी बघतो असं मीच म्हटलं होतं. तिने जाताना आठवणही करून दिली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिच्यावर ढकललं. तुम्ही कागदावर 'आज कोणी नाही' छापता, तीही तिचीच कल्पना. मी ती आधी नाकारली आणि मग माझी म्हणून वापरली."

हॉलमध्ये कोणीतरी वड्याची बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. डॉक्टर पहिल्या रांगेत होते. आता त्यांना कमी ऐकू येतं, पण हे सगळं ऐकू आलं होतं. ते वळले.

"अहो, मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

"भ्यालो."

"कोणाला? मला? मी तुम्हाला कामावरून काढलं नसतं हो."

"ते मला तेव्हाही माहीत होतं, डॉक्टर."

 डॉक्टर आपल्या मुलीला म्हणाले, "तिचा नंबर शोध. मी बोललो होतो त्या इस्पितळाशी. मलाही बोलायचंय तिच्याशी."  मुलगी म्हणाली, "बाबा, उद्याच करते. आणि ही गोष्ट इथून पुढे अशीच सांगायची, सर सांगतायत तशी."

घरी आलो आणि दोनदा भात घेतला.

"अहो, तिथे जेवण नव्हतं का?" बायकोने विचारलं.

मग तिलाही सगळं सांगितलं. ती हातातला डाव तसाच धरून ऐकत होती.

"म्हणजे माझ्या फोनमुळे झालं?"

"नाही गं. फोन तू केलास, दार मी ओढलं. आणि त्याच्या पुढचं तर कोणीच करायला लावलं नव्हतं."

तिने डाव खाली ठेवला. मग म्हणाली, "कल्याणला जा तुम्ही. तिच्या घरी. आणि मिठाईबिठाई नेऊ नका. माफी मागायला जाताना कोणी मिठाई नेतं का?"

दोन दिवसांनी गेलो. पत्ता लॅबमधून मिळाला. दार तिनेच उघडलं. केसांत पांढरं दिसत होतं, बाकी तीच.

"सर! अगंबाई! या ना, आत या."

आता ती एका मोठ्या इस्पितळाचा संगणक विभाग बघते. हाताखाली बरीच माणसं आहेत. मधली वर्षं सोपी गेली नव्हती. पहिली दोन वर्षं तिने शिकवण्या घेऊन काढली, हे तिच्या बोलण्यात सहज येऊन गेलं. तिने आपल्या मुलीला हाक मारली. "हे माझे पहिले सर. कामं कशी लावायची ते मला यांनी शिकवलं." मुलगी पाया पडायला वाकली आणि मी पाय मागे घेतले.

"मी एका कामासाठी आलो होतो," मी म्हटलं.

"माहीत आहे, सर. लॅबच्या मॅडमचा फोन आला होता काल. डॉक्टरही बोलले. रडले ते फोनवर. मला कसंतरीच झालं." तिने माझ्यापुढे बशी सरकवली. "पोहे गार होतायत. लिंबू देऊ?"

तिची मुलगी तिथेच बसली होती. मी पोहे खाल्ले. चांगले झाले होते. निघताना ती खाली फाटकापर्यंत आली. तिथे आम्ही दोघंच होतो.

"त्या दिवशी केबिनमध्ये…" मी सुरुवात केली.

"सर." तिने हात वर केला. "तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ना? झालं मग. माझं नाव मला परत मिळालं. आता तुम्ही त्रास करून घेऊ नका. बीपी आहे ना तुम्हाला?"

समोरून रिक्षा आली. तिने ती थांबवली, रिक्षावाल्याला म्हणाली, "काकांना स्टेशनला सोडा. खड्ड्यांतून सावकाश न्या." मी बसलो. रिक्षा वळली तेव्हा ती हात हलवत होती, आणि मला इतकं मोकळं वाटत होतं की वाटेतला पत्री पूल ओलांडेपर्यंत एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. मी माफी मागितलीच नव्हती. तिने अडवलं आणि मी अडलो. खरं सांगायचं तर अडवलं म्हणून मला बरं वाटलं. पुन्हा एकदा तिनेच माझं काम सोपं केलं होतं.

परत जाऊ शकलो असतो. गेलो नाही. गुडघे दुखतात हे कारण पुरेसं नाही. म्हणून जे फाटकाशी बोलायचं होतं ते इथे लिहितो. ती हे वाचेल की नाही, मला माहीत नाही.

त्या केबिनमध्ये तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा तुझा माझ्यावर विश्वास होता. मी घाबरलो होतो असं मी लोकांना सांगितलं, पण तेही पूर्ण खरं नाही. तू लहान होतीस आणि तुझ्यावर ढकलणं सोपं होतं, म्हणून मी ढकललं. तू कुठेही चुकली नव्हतीस. त्या मास्तरांच्या पडवीत जाऊन जे बोललीस ते मी बोलायला हवं होतं, आणि शिकवण्यांमध्ये तुझी जी वर्षं गेली ती माझ्यामुळे गेली. मला माफ कर.